शेवंतीच्या तीन विटकरी पाकळ्या

कुंडीतलं फूल जागेवर नव्हतं. हितेंद्र परबने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. देठ नखाने खुडलेला दिसत होता.

"सुचित्रा, इथलं फूल?"

"शेजारी वाहून आले," बायको आतून म्हणाली. "गणपत भाऊजी गेले ना पहाटे. मयताच्या घरी रिकाम्या हाताने कशी जाऊ? तीन पाकळ्या करपल्या होत्या त्याच्या. म्हटलं, त्यांना आता काय दिसतंय."

हितेंद्र मटकन खाली बसला. परळच्या एका कॉलेजात तो प्रयोगशाळा सहायक होता. नव्या रंगासाठी अकरा वर्षं शेवंतीच्या फांद्या किरणांखालून काढून आणायच्या, लावायच्या आणि वाट बघायची, हाच त्याचा उद्योग. शेकडो कुंड्यांनी गुलाबी फुलंच दिली. या एका फुलात तीन पाकळ्या विटकरी निघाल्या. त्यांचे तुकडे बाटलीत वाढवले तरच नवी जात हाती येणार होती, बाकी सगळं झाड गुलाबीच. लॅबचा एसी बिघडला म्हणून कुंडी घरी आणण्याची बुद्धी त्याला झाली. मार्चमध्ये तो निवृत्त होणार होता आणि साठ वर्षांत त्याचं नाव कुठे लागलं नव्हतं. या जातीखाली तेवढं लागणार होतं.

तो तसाच शेजारी गेला. घोडपदेवची अख्खी चाळ जमली होती, पण रडत कोणीच नव्हतं. गणपत तावडे नळावरून, वाळत घातलेल्या कपड्यांवरून सगळ्यांशी भांडून झाला होता. गॅलरीतल्या कुंड्यांवरून हितेंद्रशी तर चार वर्षं अबोला होता. आता तो छातीवर शेवंती घेऊन शांत पडला होता.

हितेंद्र पायाशी वाकला. तिथून हात पुरेना. तो उशाशी जाऊन वाकला आणि एक पाकळी घेऊन उठला. पुन्हा वाकला, दुसरी मिळाली.

"ह्यांचं तर बोलणं नव्हतं ना?" मागून कोणीतरी कुजबुजलं.

"आतून जीव असतो रे."

"काका, बस झालं," तिरडी बांधणारा विकास म्हणाला. "भटजी थांबलेत."

"अजून एकदाच," हितेंद्र म्हणाला, आणि तिसरी पाकळी मुठीत आली.

तेवढ्यात गणपतच्या बायकोने, मीराबाईने, ती मूठ दोन्ही हातांनी धरली. सकाळपासून तिचे डोळे कोरडे होते.

"भावजी, तुमीच एकटे असे आलात," ती म्हणाली. "बाकी सगळी तोंड दाखवायला आली."

तिने मूठ आवळली. हितेंद्रने हात सोडवून बघितला, तशी तिने आणखी आवळली. बाई कुस्करत राहिली. त्याच्या बोटांमधून पाकळ्यांची ओल बाहेर आली, आणि अकरा वर्षांत एकदाही न रडलेला हितेंद्र हमसून हमसून रडू लागला. त्याला बघून मीराबाईचा बांध फुटला. मग चाळही रडली. कोण कशासाठी रडतंय हे विचारायची ती वेळ नव्हती.

"काका, खांद्याला पुढे तुम्ही," विकास म्हणाला.

लाल झालेला तळवा लेंग्याला पुसून हितेंद्र पुढे झाला.

चौथ्या दिवशी जिन्याखालच्या फळ्यावर खडूने सूचना लागली: 'कै. गणपत तावडे यांची शोकसभा, रविवारी. वक्ते: त्यांचे जिवलग मित्र श्री. हितेंद्र परब.'