जुलम्यांची पायरी

ही गोष्ट सोळा आणे खरी आहे. एक अक्षर खोटं निघालं तर पोशीरच्या गावदेवीनं माझी जीभ झडवावी. लडकूच्या घराला सात पायऱ्या होत्या आणि सातव्या पायरीवर... नाही, सात नव्हत्या. पायरी एकच होती. पण पुढं ती गावभर एवढी गाजली, की सांगणाऱ्याच्या तोंडी तिच्या आपोआप सात होतात. बाकी सगळं खरं.

तर लडकू पोशीरचा कुणबी. भातशेती बरी, बैलजोडी बरी, बायको सुंदरा तर फारच बरी. पण माणसाला एवढं सगळं बरं असलं की कुठंतरी खाज सुटते. कुणी कोंबडे झुंजवतो, कुणी भजनात टाळ फोडतो. लडकूला नाद लागला जुलमी राजांची नाणी जमवायचा. चांगल्या राजाचं नाणं त्याला फुकट दिलं तरी नको. "जो गरिबाच्या मानेवर बसला, त्याचंच दावा," म्हणायचा.

नाणी आणून द्यायचा नेरळचा याकूब. त्याचं सुक्या मासळीचं दुकान होतं आणि सोयरे पार चौलपर्यंत पसरलेले. बोंबलाच्या पाटीतून तो काय काय आणील याचा नेम नसे.

"ह्यो बघ औरंगजेबाचा रुपया," याकूब म्हणायचा.

"तुला वाईट नाय ना वाटत?" लडकू जरा चाचरत विचारायचा.

"मला कशाला? माझ्या खापर-खापरपणजोबाच्या गलबतावर जकात बसवली त्यानं. जुलूम करताना जात कोन इचारतो रं?"

असं करत करत लडकूकडं औरंगजेब आला. मग वसईला माणसं बाटवणाऱ्या फिरंग्यांचा पैसा आला. शेवटच्या बाजीरावाच्या अमदानीतली एक शिवराईही आली. (आपला म्हणून सोडला नाही. लडकूचा न्याय तसा कडक होता.) कंपनी सरकारचा तांब्याचा पैसा आला, त्यावर तर चक्क तराजू कोरलेला. लडकू तो सगळ्यांना दाखवायचा. "बघा, हितं तराजू हाय, पन पारड्यात काय टाकायचं ते सायब ठरवनार."

राहिली होती ती एकटी राणी. तिचा रुपया घरात होता, पण ती जुलमी की नाही, याबद्दल लडकूचं मत बनत नव्हतं. बाईमाणूस, त्यात लांब विलायतेत. उगाच आळ कशाला घ्या?

मग त्या हिवाळ्यात जंगलखात्याचा हुकूम आला. डोंगरातल्या झाडांची टहाळ, म्हणजे बारीक फांद्या, तोडायची नाही. आता ज्यांनी भात फक्त ताटातच पाहिलंय त्यांना सांगतो: आमच्याकडं रोपं टाकायच्या जागेवर टहाळ, पाला, शेण पसरून जमीन भाजतात. त्याला म्हणतात राब. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर भात नाही. म्हणजे हुकमाचा सरळ अर्थ असा, की पुढच्या वर्षी पोशीरनं जेवायचं नाही.

लडकूनं त्याच दुपारी राणीला जुलम्यांच्या पंगतीत घेतलं. आणि तिथंच त्यानं एक छोटासा निर्णय घेतला. त्यानं चुना कालवला आणि ओटीच्या दगडी पायरीत सगळी नाणी एका ओळीत बसवायला घेतली.

सुंदरा भाकरी टाकून बाहेर आली. "अवो, फडक्यात बांधून ठेवली व्हती, ती काय चावत व्हती?"

"मान द्यायचा नाय त्यांना, सुंदरा. घरात येनारा-जानारा ह्यांच्या टाळक्यावर पाय देऊन जाईल. रोज!"

"पैशावर पाय?"

"पैशावर नाय गं, जुलमावर!"

सुंदरा पाठ फिरवून आत गेली. संसारात ती गप्प बसली की लडकूला थंडी वाजायची, पण त्या दिवशी चुना वाळत होता, त्यामुळं त्याचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची म्हातारी अंबाबाई विस्तव मागायला आली. पायरीवर पाय टाकणार तेवढ्यात तिला चकाकलं. "अगं बया, लक्षुमी!" म्हणत ती वाकली, पाचही नाण्यांना बोटं लावली, बोटं डोळ्यांना लावली आणि लुगडं सावरत पायरी ओलांडून वर आली.

"आजे, पाय द्यायचा हाय त्याच्यावर!" लडकू ओरडला.

"तुझं टकुरं फिरलं काय रं?"

मग हिरामण आला. तोही वाकला. मग विठू. त्यानं तर पागोटं काढलं. वाटेत पडलेल्या पैशाला पाय लागला तरी आपण हात लावून कपाळाला नेतो. इथं तर तो चुन्यात बसवून मांडलेला! आठवडाभरात औरंगजेबाला झेंडू मिळाला, फिरंग्याला तांदळाचे दाणे. सुंदरा रोज सकाळी पायरी सारवल्यासारखी पुसून सगळ्या जुलम्यांना ओळीनं हळदकुंकू लावू लागली. बाजीरावाच्या शिवराईला जरा जास्तच, घरचा म्हणून.

याकूब मासळी घेऊन आला, पायरी पाहिली आणि पोट धरून खाली बसला. "लडकूभाय, ह्यांना जितेपनी एवढा मान नाय मिळाला रं!"

"तू तरी दे पाय."

"मी? दुकानदार मानूस! पैशावर पाय दिला तर घरातली शहाजादी मला जेवू घालंल काय?"

खरं दुःख वेगळंच होतं. लडकूचा स्वतःचा पायही पडत नव्हता. तो रोज गुरं सोडायच्या वेळी मिशीला पीळ देऊन, दात-ओठ खाऊन पाय उचलायचा. राणीच्या थोबाडाच्या वर एक वीत आला की पाय आपोआप बाजूला वळायचा आणि हात कपाळाकडं जायचा. आईनं लहानपणी पाठीत धपाटे घालून शिकवलेलं ते अंगात इतकं मुरलेलं. शेवटी तो गोठ्याच्या दारानं ये-जा करू लागला.

आणि अशात बातमी आली: जंगलखात्याचा साहेब राबाची तक्रार ऐकायला येतोय, आणि गावात सगळ्यांत ऐसपैस ओटी लडकूची.

साहेब नेरळकडून घोड्यावर आला तेव्हा गाव ओटीवर जमत होतं. साहेब घोड्यावरूनच बघत राहिला. एकेक माणूस येतोय, पायरीशी वाकतोय, राणीच्या मुखकमलाला हात लावून कपाळाला नेतोय. तान्ह्या पोरांचीही डोकी टेकवली जातायत. साहेबाला मराठी येत होती, पण पुस्तकातली. तो गहिवरून म्हणाला, "आपल्या महाराणीविषयी इतकी भक्ती आम्ही विलायतेतही अवलोकन केली नाही! जी प्रजा इतकी संतुष्ट, तिला राबाचे दुःख ते कसले? मी वर तसेच लिहितो."

झालं! गावाचं तोंड उघडायच्या आत तक्रार निकालात. पोशीरचं पुढच्या वर्षीचं भात साहेबाच्या खिशातल्या टाकात अडकलं.

लडकू उसळला. "संतुष्ट? सायब, ह्यो औरंगजेब. ह्यो फिरंगी. ह्यो आमचाच बाजीराव. ह्ये तुमचं कंपनी सरकार. ज्यांनी ज्यांनी गरिबाला नाडलं त्यांची ही रांग हाय, आन राब बंद केला म्हनून तुमची रानी हितं बसवली!"

साहेब टोपीच्या दोरीपर्यंत लाल झाला.

"आन पटत नसंल तर ह्यो बघा!" म्हणत लडकूनं उजवा पाय उचलला. गाव ओरडलं, "आरं आरं, लक्षुमी!" मागून सुंदरा म्हणाली, "पाय टेका, मंग घरात यायचं नाय." पाय तिथंच थांबला. समोर एक सरकार, मागं दुसरं, मध्ये लडकू बगळ्यासारखा एका पायावर!

"महाराणींना या दुष्टांच्या पंगतीतून प्रथम काढा!" साहेब कडाडला आणि स्वतःच घोड्यावरून उतरून पुढं धावला. पायरी ओलसर होती, हळद सांडलेली. बूट सरकला आणि टाच नेमकी राणीच्या नाकावर दाणकन बसली.

सगळ्या माना एकदम बुटाकडं वळल्या.

"बया! सायबानंच रानीच्या थोबाडावर पाय दिला," अंबाबाई म्हणाली. साहेबाचा पट्टेवाला, बिचारा, वाकला, साहेबाच्या बुटाला हात लावून हळूच म्हणाला, "सायब, उजवा काढा." आणि सवयीनं हात कपाळाला लावला.

तशाच एका पायावर लडकू बोलला, आणि काय बोलला! "सायब, ह्या गावात कुनाचाच पाय तिच्यावर पडला नाय. आमी रागावलो, उपाशी मरायला टेकलो, तरी नाय पडला. पडला तो तिचं मीठ खानाऱ्याचा. आता लिवा वर. राबाचं लिवा, बुटाचं पन लिवा. तुमी नाय लिवलं तर आमी लिवू."

साहेबानं बूट उचलला. राणीच्या कपाळावरचं कुंकू टाचेला लागलं होतं. तो क्षीण आवाजात म्हणाला, "महाराणी विधवा आहेत. त्यांस कुंकू..."

"ते आमाला कुनी सांगितलं?" सुंदरा म्हणाली. "एकटी बाई, एवढा पसारा. भाताला राब लागतो हे तरी तिला कुनी सांगितलं असंल? तुमी मदी बसलात ते कशाला?"

साहेबानं ओटीवर बसून गुळाचं पाणी घेतलं आणि हुकूम लिहिला: पोशीरच्या लोकांनी राबापुरती टहाळ खुशाल तोडावी. दुसऱ्याच दिवशी सगळं गाव कोयते घेऊन डोंगरात होतं.

आता यात रचलेलं किती ते सांगून टाकतो. जीभ माझी आहे आणि गावदेवी जवळच आहे. पायरी खरी, बूट खरा, हुकूम खरा, त्या वर्षीचं भातही खरं. लडकूचं ते एका पायावरचं भाषण तेवढं मी घातलं. साहेबाचा घोडा वेशीवर दिसला तेव्हाच लडकू भाताच्या कणगीत उतरला होता. साहेबाला जुलम्यांची नावं सांगितली सुंदरानं, आणि "बुटाचं पन लिवा" म्हणालीही तीच. बूट आपटल्याचा आवाज कणगीत फार छान घुमला. दिसलं मात्र मला काहीच नाही, आणि नाकात तूस गेल्यामुळं शिंक दाबता दाबता पुढचं बरंचसं ऐकूही आलं नाही.