ताक पिणारी भिंत

आमच्या आखाडा बाळापुरात ताक पिणारे घरोघरी आहेत, पण ते भिंतीला पाजणारे शेजारचे लिंबाजीमामा एकटेच. सकाळी मी दाढीला बसलो की कुंपणावरून त्यांचा रिकामा तांब्या पुढे येतो. "गुरुजी, ताक आंबलंय का बराबर?" त्या आंबट ताकात मामा शेवाळ कालवतात आणि अंगणातल्या भिंतीला ब्रशनं फासतात. दोन वर्षं हेच चाललंय. खरं सांगतो, मी दमलो.

मामा आयटीआयमध्ये नकाशे काढायला शिकवायचे. निवृत्तीनंतर जुनं मातीचं स्वयंपाकघर पाडावं लागलं, तेव्हा त्यांनी आधी त्याच्या भिंतीचे मोबाइलवर ढिगानं फोटो काढले. मग संगणकात तिचा उंचसखलपणा जसाच्या तसा उतरवला, नांदेडहून साचे कापून आणले आणि सिमेंटच्या फरश्या ओतून अंगणाच्या भिंतीला बसवल्या. सगळ्या फरश्यांवर बोटांनी ओढल्यासारख्या अर्धगोल खाचा. लोक शेवाळ खरवडायला माणूस लावतात, मामांना ते त्या खाचांत उगवायला हवं.

"हिरवा रंग द्या की, मामा."

"रंग मेलेला असतो, गुरुजी. भिंत जित्ती पाह्यजे."

मामा गावाला गेले की पाण्याचा फवारा माझ्या गळ्यात. उन्हाळ्यात सगळं वाळून काळं पडलं. मी म्हणालो, "मेलं." मामा म्हणाले, "मेलं न्हाई, निजलंय. येऊन राहिलंय." हे 'येऊन राहिलंय' ऐकून माझे कान किटले.

एका फरशीवरची खाच मध्येच तुटलेली होती. संगणकाची चूक म्हणून मी खिळ्यानं ती पुरी करायला गेलो. कधी आवाज न चढवणारे मामा ओरडले, "त्या खाचीला हात लावायचा न्हाई!"

मग ओशाळून माझ्याशेजारी बसले आणि सांगू लागले. आई लहानपणीच गेली, थोरल्या अक्कानं त्यांना वाढवलं. अक्का लग्न होऊन डोंगरकड्याला गेली, तरी दरवर्षी येऊन ते स्वयंपाकघर स्वतः लिंपायची. ते पाडलं तेव्हा म्हणाली, "माझा हात पुसलास." त्यानंतर तिनं या घरात पाऊल टाकलं नाही.

"भिंत हिरवी झाली की बोलावतो," मामा म्हणाले.

श्रावणात भिंत खरंच हिरवीगार झाली. चार निरोपांनंतर अक्का आली. भावाशी न बोलता थेट भिंतीपाशी गेली आणि खाचांत बोटं घातली. बोटं बरोबर बसली. खाचेखाचेतून हात फिरवत ती त्या तुटक्या रेघेशी थांबली.

"हितं पुरं करायचं राहिलं," ती म्हणाली. "तुझ्या छातीत कळ आली, म्हून मातीच्या हातानंच तुझ्याकडं पळाले."

"म्हाईत हाय. म्हणून तर तसंच ठेवलं."

कुठं बघावं कळेना, म्हणून मी आधीच ओल्या असलेल्या भिंतीवर उगाच फवारा मारत राहिलो.

अक्कानं डोळे पुसले. "चहा ठेव, लिंब्या. बसते जरा."

घरी येऊन मी बायकोला म्हणालो, उद्याचं ताक जरा जास्तच आंबू दे.