थोरली कुठे उभी होती

ग्वेनेथ ट्रेझाइस हातात लांबलचक मोजपट्टी घेऊन शेडच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा ऑस पेंगेली ब्रश धूत होता. ब्रश धुताना त्याच्याशी कुणी बोलत नाही, हे अख्ख्या यारंगा गावाला माहीत होतं. ग्वेनेथलाही माहीत होतं, पण चौतीस वर्षं शाळेची मुख्याध्यापिका राहिलेल्या बाईला असले नियम लागू नसतात.

ऑसचा दिवस ठरलेला असे. पहाटे पाचला उठायचं, गाडीत रंगांची पेटी टाकायची आणि कालच्याच जागी, कालच्याच दगडाशेजारी ईझल उभा करायचा. साडेसातपर्यंतचा उजेड आपला, त्यानंतरचा माश्यांचा. घरी येऊन अंडी-टोस्ट खायचे आणि मग शेडमध्ये, कधीच ऊन न येणाऱ्या दक्षिणेच्या खिडकीतल्या थंड उजेडात, सकाळी रंगवलेली लहान फळी समोर ठेवून मोठ्या कॅनव्हासला भिडायचं. पुढे होऊन चार फटकारे, मग सहा पावलं मागे, डोळे अर्धे मिटून. दुपारी ब्रश आधी टर्पेंटाइनमध्ये, मग साबणात, मग तळहातावर गोल गोल. गेले अकरा दिवस तो कीथ रॉच्या शेतातला उभा गहू रंगवत होता. कीथ येत्या सोमवारी कापणी करणार होता, आणि गव्हाच्या अंगावरचा तो गुलाबी उजेड अजून काही केल्या हाती लागत नव्हता.

"ऑस, आनंदाची बातमी आहे," ग्वेनेथ म्हणाली. "गावाला दीडशे वर्षं होतायत. त्यानिमित्त थोरली पुन्हा लावायची ठरलीय."

थोरली म्हणजे ओढ्याकाठची जुनी निलगिरी. चार माणसांच्या कवेत मावणार नाही असा बुंधा. गावातली लग्नं ठरली ती तिच्याखाली, मोडली तीही तिच्याखालीच. क्रिकेटच्या सामन्यातला चहा तिथे व्हायचा. उन्हाळ्यात तिची साल लांब लांब पट्ट्यांनी सोलून निघायची आणि पोरं त्यांचे चाबूक करायची. चाळीस वर्षांपूर्वीच्या वादळात ती पडली. सरकारी माणसांनी खोड सुरुंगाने उडवलं, राहिलेलं जाळलं आणि वरून रोलर फिरवला.

"फार छान," ऑस म्हणाला. आणि त्याला ते खरंच छान वाटलं.

"आणि जागा अगदी तीच. इंचभरही इकडे-तिकडे नाही. गावच्या हॉलमध्ये तुझं चित्र आहे ना, त्यावरून काढली. चित्रातलं हॉलचं धुराडं, पुलाचा कठडा आणि झाड, तिन्ही सुतात धरली. तीन दिवस मोजतोय आम्ही."

ऑसच्या हातातला ब्रश थांबला. "मग? कुठे आली?"

"तेच तर. बरोबर संडासावर."

क्रिकेटच्या मैदानाजवळचा सार्वजनिक संडास सहा वर्षांपूर्वीच बांधलेला होता. गावातल्या बायकांनी आठ वर्षं केक भाजून आणि विकून तो उभा केला होता.

"कुठल्या मूर्खाने थोरलीच्या जागेवर संडास बांधू दिला, देव जाणे," ग्वेनेथ म्हणाली. गावच्या समितीची अध्यक्ष तेव्हाही तीच होती. "पण चूक ती चूक. सोमवारी पाडतोय. आदल्या दिवशी, रविवारी, समारंभ. जागेची खुंटी तू ठोकायची."

ती गेल्यावर ऑसने ओले हात पँटला पुसले. शेहेचाळीस वर्षांपूर्वी ते चित्र काढताना त्याने थोरली साठ पावलं डावीकडे सरकवली होती. खरी थोरली टेनिस कोर्टाच्या कुंपणापाशी होती, चित्राच्या अगदी उजव्या कडेला. डावी बाजू रिकामी पडत होती, म्हणून त्याने ती उचलून डावीकडे लावली. चित्रकार असं करतात. डोंगर बुटका करतात, रस्ता वळवतात. त्यांना कुणी विचारत नाही, कारण त्यांच्या चित्रावरून कुणी संडास पाडत नाही.

"गप्प बस," हे ऐकल्यावर त्याची बायको मर्ना म्हणाली. ती वाटाणे सोलत होती.

"गप्प कसा बसू? चांगला संडास पाडतायत. खरी जागा तर मोकळी आहे, नुसतं गवत माजलंय."

"पाडू देत. एवढ्या वर्षांनी कुठे उकरून काढतोस?"

पण ऑसला चैन पडेना. तीस वर्षं तो दर बुधवारी गावातल्या हौशी मंडळींना चित्रकला शिकवत होता आणि दर बुधवारी सांगत होता, दिसतं ते काढा, मनातलं घुसडू नका. मंगळवारी दुपारी समितीच्या बैठकीत तो उभा राहिला आणि टोपी हातात धरून त्याने सगळं सांगून टाकलं.

 मग एक्क्याण्णव वर्षांच्या विनी हॅडक आजींनी काठी टेकली.

"माझ्या बर्टने मला थोरलीखाली मागणी घातली. त्याच्या खांद्यावरून मला हॉलचं धुराडं दिसत होतं, सरळ समोर. आता तू म्हणतोस झाड टेनिसपाशी. म्हणजे बर्टने मला टेनिसपाशी मागणी घातली? त्याला टेनिसचा तिटकारा होता, बाबा."

"तसं नाही, विनी..."

"मी थोरलीच्या फांदीवर बसून दगड मारला आणि हॉलची काच फोडली," खाटीक डग म्हणाला. "तिथूनच. ग्वेनेथबाईंनी छडीही दिली होती."

"अरे," ऑस म्हणाला, "खऱ्या जागेवरून हॉल केवढा लांब पडतो. तिथून कसा पोचेल दगड?"

"तेच म्हणतोय. म्हणजे झाड जवळ होतं."

घरातले जुने फोटो बाहेर काढा, असं कुणीतरी सुचवलं. पिशव्या भरभरून फोटो निघाले. पण सगळ्यांनी फोटो काढले होते ते थोरलीखाली उभं राहून. नवरा-नवरी, टोप्या, चहाचे कप आणि मागे बुंधा. झाड आभाळाखाली नेमकं कुठे उभं होतं, ते एकाही फोटोत नव्हतं. ते फक्त ऑसच्या चित्रात होतं, आणि शेहेचाळीस वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक मयतात, प्रत्येक निवडणुकीच्या रांगेत गाव त्या चित्राकडे बघत आलं होतं.

"मर्ना, तू तरी सांग," ऑस काकुळतीने म्हणाला.

मागच्या रांगेत बसलेल्या मर्नाने विणकामावरची नजर वर केली नाही. "मला नाही आठवत."

बुधवारी ऑस फावडं घेऊन टेनिस कोर्टाच्या कुंपणापाशी गेला. एवढ्या झाडाचं एखादं तरी मूळ जमिनीत राहिलं असेल, असा त्याचा हिशोब होता. ऐन बाराच्या उन्हात, डोक्यावर टोपी नाही, गुडघ्यांवर बसून एकाहत्तर वर्षांचा माणूस माती उपसत होता. सापडली ती बाटल्यांची बारा-तेरा झाकणं आणि एक गंजका नळ. तेवढ्यात रस्त्यावरून ग्वेनेथची गाडी गेली. थोडी पुढे जाऊन ती थांबली आणि मागे आली.

"काय शोधतोयस, ऑस?"

"झाड," ऑस म्हणाला.

त्याच संध्याकाळी ग्वेनेथने पाठवलेली गावची नर्स, केली, घरी आली. मोठी गोड मुलगी. ती इतकी हळू आणि इतकी स्पष्ट बोलत होती, की ऑसला वाटलं तिचंच काहीतरी बिनसलंय. आज वार कोणता, ऋतू कोणता, शंभरातून सात गेले किती, हे सगळं झालं. ऑसने बरोबर सांगितलं. मग तिने कोरा कागद पुढे केला.

"आता यावर एक घड्याळ काढा हं. सगळे आकडे घाला."

"कुठलं घड्याळ?"

"कुठलंही."

ऑसने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, डोळे अर्धे मिटले आणि पेन्सिल उचलली. वीस मिनिटं तो काढत होता. बसल्या जागेवरून घड्याळ वर आणि तिरकं दिसत होतं, म्हणून ते लांबट आलं. काचेवर पश्चिमेच्या खिडकीची तिरीप पडली होती. काढून झाल्यावर त्याने कागद हात लांब करून पाहिला. तिरीप छान जमली होती.

केलीने आकडे मोजले. सात भरले.

"बाकीचे कुठे गेले, मिस्टर पेंगेली?"

"उजेडात गेले," ऑस म्हणाला.

केलीने ते वाक्य जसंच्या तसं वहीत लिहून घेतलं. मग ती मर्नाला घेऊन ओट्याशी गेली, दोघी हळू आवाजात बोलल्या, आणि परत आल्या तेव्हा गाडीची किल्ली मर्नाच्या एप्रनच्या खिशात होती. पुढच्या गुरुवारी शहरातून डॉक्टर येईल, तोवर गाडी चालवायची नाही.

"पुढच्या गुरुवारी? अगं, कीथ सोमवारी गहू कापतोय."

"पुढच्या वर्षी पुन्हा येईल की गहू," केली म्हणाली आणि तिने त्याचा हात थोपटला.

मर्नाचं नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, तिलाही गाडी बंद होती. गुरुवारी ऑस पहाटे पाचला उठला, बूट घातले आणि पायरीवर बसून राहिला. समोर टेकडीमागून उजेड आला, हवा तेवढा थांबला आणि निघून गेला. शुक्रवारी शेजारचा लेन म्हणाला, "मी नेतो की तुला," आणि दहा वाजता घेऊन गेला. दहाच्या उन्हात गहू म्हणजे नुसता पिवळा पत्रा. ऑस ईझल न उघडताच परत आला. घरी ओट्यावर माणसांनी आणून दिलेल्या मटणाच्या तीन तऱ्हा झाकून ठेवलेल्या होत्या. गावात माणूस गेला किंवा जाण्याच्या बेतात असला, की लोक मटण आणतात. बुधवारच्या वर्गानेही एक कार्ड पाठवलं होतं. त्यावर सगळ्यांच्या सह्या आणि खाली मोठ्या अक्षरांत आजची तारीख.

"मर्ना, मी ठीक आहे," शनिवारी तो म्हणाला.

"माहीत आहे."

"मग किल्ली दे."

"मी दिली तर नर्स केली मला रागावेल. गाव काय म्हणतंय ते तू ऐकलंस ना?"

"गाव म्हणतंय ते खोटं आहे."

"हो," मर्ना म्हणाली. "पण गाव आहे."

रविवारी सगळं यारंगा मैदानावर लोटलं. संडासाला निळी फीत बांधली होती. विनी आजींना खुर्ची दिली होती. खुंटी ठोकायच्या आधी जुन्या लोकांनी चार शब्द बोलावेत, असं ठरलं. मग एकेक जण उठून बोलला. कुणाला थोरलीच्या ढोलीत ठेवलेली पहिली सिगरेट आठवली, कुणाला तिच्यावर संध्याकाळी उतरणारे पांढरे पोपट, आणि ते इतके, की फांद्यांना कापूस लागल्यासारखा वाटे. विनी आजी म्हणाल्या, बर्टने मागणी घातली तेव्हा वरून एक सालपट त्याच्या टोपीवर पडलं आणि त्याला वाटलं मी टपली मारून नाही म्हणाले. सगळे हसले आणि मग सगळ्यांनीच एकदम संडासाच्या वर, मोकळ्या आभाळाकडे पाहिलं. ऑसनेही पाहिलं. आणि खोटं कशाला सांगा, क्षणभर त्यालाही थोरली तिथे दिसली. सावलीसकट.

"आता ऑस," ग्वेनेथ त्याच्या कानाशी येऊन, लहान मुलाशी बोलावं तशी म्हणाली. "घाई नको करूस. नीट आठव. आपली थोरली कुठे होती?"

केली पुढच्याच रांगेत होती. मर्ना तिच्या शेजारी. ऑसने टेनिस कोर्टाच्या कुंपणाकडे पाहिलं. तिथे गवत डोलत होतं. मग त्याला कीथचा गहू आठवला आणि उद्याची पहाट आठवली.

"इथे," तो म्हणाला आणि संडासाकडे बोट दाखवलं.

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. केलीने डोळे टिपले. डगने त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की खुंटी हातातून पडली. भाषणाच्या शेवटी ग्वेनेथने जाहीर केलं, की गावाची गैरसोय होऊ नये म्हणून नवीन संडास लगेच बांधायला घेतला जाईल, आणि त्यासाठी टेनिस कोर्टाच्या कुंपणापाशी एक छान मोकळी जागा आहे, जिथे पूर्वी कधीच काही नव्हतं.

किल्ली त्याला चहाच्या वेळीच मिळाली.

सोमवारी पहाटे मर्नाही बरोबर आली. थर्मास मांडीवर घेऊन ती गाडीत बसली. गाडी कीथच्या वळणापाशी आली.

"थोरली टेनिसपाशीच होती," मर्ना म्हणाली.

ऑसने गाडी कडेला घेतली. "तुला आठवत होतं?"

"लख्ख."

"अगं मग बैठकीत बोलली का नाहीस? माझ्याकडून घड्याळं काढून घेतली. तीन-तीन मटणं आली."

"बोलले असते तर लोकांनी विचारलं असतं, झाड का हलवलं."

"का म्हणजे? चित्राची डावी बाजू रिकामी होती."

"नव्हती." मर्नाने थर्मासचं झाकण उघडलं आणि पुन्हा घट्ट बसवलं. "डाव्या बाजूला बाक होता. बाकावर मी होते आणि तेव्हा माझ्याबरोबर फिरणारा रॉस कीटली होता. तीन दिवस तू ओढ्यापलीकडे उभा राहून रंगवत होतास. दोन दिवस आम्ही चित्रात होतो, मी येता-जाता बघितलं होतं. तिसऱ्या दिवशी आम्ही चित्रातून गेलो आणि तिथे झाड उगवलं."

ऑसने इंजिन बंद केलं. गावात एकट्या आपल्यालाच सगळं नीट आठवतंय, या तोऱ्यात तो आठवडाभर भांडला होता. आणि हे त्याला खरोखर आठवत नव्हतं. म्हणजे आता, हळूहळू, रॉसचा पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट तेवढा आठवायला लागला होता. रंगवायला फार अवघड शर्ट.

"तू तेव्हा काही बोलली नाहीस," तो म्हणाला.

"काय बोलणार? हॉलमध्ये चित्र लागलं, ते पाहिलं आणि त्या शनिवारी नाचायला रॉसला नाही म्हणाले. कारण त्यालाही नाही सांगितलं आणि तुलाही नाही."

टेकडीमागून उजेड येऊ लागला होता. वळणापलीकडे कीथचं कापणी यंत्र सुरू झाल्याचा आवाज आला. ऑसने घाईघाईने गाडी सुरू केली आणि गियर टाकताना म्हणाला, "पण चांगला संडास जातोय गं, मर्ना."

"जाऊ दे," मर्ना म्हणाली. "माझ्यासाठी एवढं मोठं झाड दुसऱ्या कुणी हलवलेलं नाही."