तिमजली गडाचे मैदान जाहले, त्याची हकीकत

समस्त थोरांस, आणि विशेषेकरून ज्यांचे पाय खुर्चीवरून अद्याप जमिनीस टेकत नाहीत ऐशा लहान श्रोत्यांस विदित व्हावे जे, मोठमोठ्या मुलूखगिऱ्यांच्या हकीकती पुष्कळांनी लिहून ठेविल्या, परंतु दोन प्रौढ गिनीपिग घरी आणावयास केवढी मसलत, किती बंदोबस्त आणि काय धीर लागतो, हे कोणी लिहिले नाही. सबब येथे लिहिले आहे. जैसे घडले तैसेच लिहिले. पदरचे मीठ घातले नाही, घातले असल्यास चिमूटभर.

तिसऱ्या मजल्यावरील एका घरी धाकट्या बाईसाहेब नांदत होत्या. इयत्ता चौथी, पुढला दात नुकताच पडलेला, आणि हट्ट शाबूत. मातोश्री चष्म्याच्या दुकानी लोकांची नजर तपासीत, त्यामुळे घरात त्यांच्या नजरेतून काही निसटत नसे. आजोबा जन्मभर सुतारकी करून आता स्वस्थ बसले होते. हत्यारे पेटीत आणि खाशी स्वारी कोपऱ्यातील आरामखुर्चीत, ऐसा काळ चालला होता.

ते समयी बाईसाहेब मातोश्रींसह टाकलेल्या जनावरांच्या आश्रयघरी दाखल जाहल्या. तेथे पिल्लांच्या पिंजऱ्याभोवती लोकांची ही झुंबड, आणि शेवटल्या पिंजऱ्यात दोन वयस्क गिनीपिग जगाकडे पाठ करून गवतात तोंड खुपसून बसलेल्या. एकीच्या कपाळी पांढरा ठिपका म्हणोन ती टिकली, दुसरी गोलगरगरीत म्हणोन ती ढोली. आश्रयघराच्या ताई म्हणाल्या, "या मोठ्या आहेत गं. लोकांना पिल्लं हवी असतात. एका घरी दिल्या होत्या, तर 'खेळतच नाहीत' म्हणून परत आणून दिल्या."

बाईसाहेबांनी पुसले, "त्यांना खेळायचं होतं का?"

हे ऐकोन ताईंनी हातातली केरसुणी खाली ठेविली, आणि मग पुढील बोलणे बसून केले. तह ऐसा ठरला जे, रविवारी ताई खुद्द येऊन जागा पाहतील, मनास आली तर दोघी देतील, न आली तर दोघी आहेत तेथेच राहतील.

"एकदा परत आल्यात," ताई म्हणाल्या, "पुन्हा परत आलेल्या मला बघवणार नाहीत. आणि एक लक्षात ठेव, यांना उंची नको. ऐसपैस सपाट जागा हवी. खारीसारख्या चढत नाहीत या."

घरी येताच मातोश्रींचे फर्मान सुटले: जमिनीलगतच्या सर्व वायरी वर बांधाव्या, कारण हे जीव दिसेल ते कुरतडतात, अंथरण्यास जुन्या मऊ चादरी द्याव्या, पिंजरा रोज बाईसाहेबांनीच झाडावा. "हौस तुझी आणि झाडू माझा, असं चालणार नाही," ऐसी ताकीदही वर जोडली. बाईसाहेबांनी ते शिरसावंद्य मानोन रसदेचा बंदोबस्त हाती घेतला. ताईंच्या सांगण्याप्रमाणे मुख्य खाणे वाळलेले गवत, ते अष्टौप्रहर पुढ्यात असावे, न चावता राहिले तर त्यांचे दात वाढतच जातात. आणि माणसाप्रमाणे त्यांच्याही अंगात 'क' जीवनसत्त्व बनत नाही, म्हणोन रोज ढोबळी मिरचीची एक फोड. हे ऐकोन मातोश्री म्हणाल्या, "बघ, त्या खातात मिरची. तू मात्र बाजूला काढतेस." बाईसाहेब गवताची पेंढी मोजावयास लागल्या.

आता गड कैसा उभा राहिला ते सांगतो. आजोबांनी 'घर' हा एक शब्द ऐकिला, आणि पुढील काही न पुसता पेटी उघडली. रंधा निघाला, करवतीस धार जाहली, गॅलरीत भुसा उडू लागला. पहिला मजला जाहला, मग त्यावर दुसरा, मग त्यावर तिसरा, आणि मजल्यांस जोडणारे नक्षीदार जिने, वरती बुरूज, बुरुजास कंगोरे. आणि नवल ऐसे जे, आजोबा काम करता करता शीळ घालू लागले. ही शीळ घरात कैक दिवस कोणी ऐकिली नव्हती. मातोश्री स्वयंपाकघरातून कान देऊन हसल्या.

बाईसाहेब मात्र जिने मोजीत राहिल्या. ताईंचे सपाट जागेचे बोलणे त्यांस पक्के ध्यानी होते. त्यांनी एकदा धीर करून सांगितले जे, लाकडास पॉलिश नको, कुरतडताना पोटात जाईल. आजोबांनी "बरोबर आहे तुझं" म्हणोन पॉलिशचा डबा तत्काळ बंद केला. मग जिन्याचे बोलावे म्हणोन तोंड उघडले, इतक्यात शीळ पुन्हा सुरू जाहली, आणि शब्द गिळला गेला. ऐसे एक वेळ नव्हे, अनेक वेळ घडले.

रविवारी ताई आल्या. वायरी पाहिल्या, गवत हुंगले, ऊन कोठवर येते ते पाहिले, दाराची झुळूक कोठे लागते तेही पाहिले. खिडकी आणि दार या दोहोंपासून दूर, आरामखुर्चीशेजारी गड उभा होता. ताई त्याजपुढे उभ्या राहिल्या आणि त्यांनी एका जिन्यावरून बोट फिरविले.

"काका, काम फार सुंदर आहे हो," त्या म्हणाल्या. "पण हे मांजराचं घर झालं. या दोघी जिन्यावरून पडतील, नाहीतर खालीच बसून राहतील, आणि खाली तर वळायलाही जागा नाही. अशा जागी मी त्यांना नाही देऊ शकत."

आजोबांचा चेहरा उतरला. ताई दुसऱ्या मजल्यावरील ओळखीच्या शेजारणीकडे चहास म्हणोन गेल्या, संध्याकाळी जाण्यापूर्वी एकवार डोकावेन, इतका कौल देऊन. बाईसाहेबांच्या डोळ्यांस धारा लागल्या.

"तुला माहीत होतं?" आजोबांनी पुसले.

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही शीळ वाजवत होतात."

आजोबा खुर्चीच्या हातावर टेकले. नाक चोळून म्हणाले, "पॉलिशचं सांगितलंस तेव्हा मी रागावलो होतो का? अगं वेडाबाई, सुताराची चूक दिसली की त्याला लगेच सांगायची. लाकूड रुसत नाही, आणि मीही नाही." मग गडाचा एक सांधा बोटाने दाखवून पुसले, "इथे खिळा दिसतोय?"

"नाही. स्क्रू आहे."

"सगळीकडे स्क्रूच आहेत. जन्मभर असंच केलं. का, सांग बघू?"

बाईसाहेबांनी नाक पुसले. "उघडता यावं म्हणून?"

"माणूस चुकतो म्हणून! आण तो पेचकस."

मग काय विचारता! आजोबा स्क्रू ढिले करीत, बाईसाहेब ते वाटीत जमवीत, आणि मातोश्री फळ्या धरीत. बुरूज उतरले, जिने उतरले, तिसरा मजला खाली आला, मग दुसरा, आणि तिन्ही मजले जमिनीवर एकास एक लावून मधल्या भिंती काढिल्या. सपाट, लांबरुंद मैदान जाहले. परंतु त्यास कोपरा पुरेना, कारण मध्ये आरामखुर्ची. आजोबांनी कोणाची वाट न पाहता ती उचलोन खिडकीपाशी नेली. "मला ऊन चालतं," इतकेच म्हणाले.

राहिलेल्या जिन्यांच्या फळ्यांची लपावयास दोन घरे केली. बाईसाहेब आता निर्भय जाहल्या होत्या, त्यांनी तत्काळ हरकत घेतली, "आजोबा, प्रत्येकाला दोन दारं हवीत! एकच असेल तर एक दारात बसते आणि दुसरी आत अडकते."

"तुझी आई आरशापुढे बसते तशी," आजोबा म्हणाले.

"ऐकू येतंय मला," मातोश्री म्हणाल्या, आणि दुसरे दार कापले गेले.

सायंकाळी ताई परतल्या. गड नाही, मैदान पाहिले. मग जमिनीवर आडव्या जाहल्या, गाल फळीस टेकविला आणि गिनीपिगच्या उंचीवरून सारा मुलूख न्याहाळिला. उठोन इतकेच म्हणाल्या, "उद्या घेऊन येते."

टिकली आणि ढोली आल्या, आणि एकाच लाकडी घरात ज्या शिरल्या त्या दिसेनाशा जाहल्या. बाईसाहेबांनी हात घातला नाही, ओढले नाही, हाक मारिली नाही. शेजारी बसोन शाळेचे धडे हलक्या आवाजात वाचीत राहिल्या. घरात सर्वजण पाय न वाजविता चालत. गवत कमी होई, म्हणोन समजे की दोघी आहेत. एकदा बाईसाहेब कुजबुजल्या, "त्यांना आवडलं नसेल तर?" आजोबा म्हणाले, "परत आलेल्यांना लगेच विश्वास नाही बसत. बसू दे त्यांना सावकाश."

रोज सकाळी कोथिंबिरीची काडी मैदानात ठेविणे आजोबांकडे होते. एके सकाळी ते काडी निवडता निवडता आपल्याच नादात शीळ घालू लागले. तोच लाकडी घरातून लांबलचक, चढत जाणारी "कुईईई" उमटली. आजोबा थबकले. बाईसाहेब दात घासता घासता धावत आल्या. आजोबांनी पुन्हा शीळ घातली, पुन्हा जबाब आला, या खेपेस दोन आवाजांचा. आणि मग एका दारातून टिकली व दुसऱ्या दारातून ढोली बाहेर आली, आणि दोघींनी कोथिंबिरीची ती एकच काडी दोन टोकांनी धरिली.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. गड गेला, मैदान मिळाले. खुर्ची हटली, ऊन मिळाले. दोन जीव परत गेले नाहीत. बाईसाहेब दिसली चूक लगेच सांगतात, आणि आजोबांची शीळ तरीही बंद पडत नाही, कारण आता त्यांनी थांबविली तर कोपऱ्यातून तगादा येतो. हे सर्व खरे आहे, आणि येथे दर्ज केले असे.