पाठ न सोडणारी सॅक

"सर, कॅम्पची सॅक विकतच घ्यायची असते, असं कुठे लिहिलंय? घरी शिवलेली चालेल का?"

हा प्रश्न विचारून दाखव, अशी पैज मैत्रिणींनी मधल्या सुट्टीत तिच्याशी लावली होती. खेळाच्या सरांना, म्हणजे शिट्टीसरांना, प्रश्न विचारायची पद्धतच शाळेत नव्हती. ते शिट्टी वाजवायचे आणि बाकीचे पळायचे. त्यामुळे तिने भर मैदानात तोंड उघडलं तेव्हा पैज लावणारी तिची उंच मैत्रीण, लांबडीसुद्धा हादरली, आणि सरांच्या तोंडातली शिट्टी निसटून दोरीला लोंबकळायला लागली.

"शिवलेली?" सर म्हणाले. "आत फ्रेम असलेली? डोंगरावर न्यायची?"

"हो सर! एकदम हलकी. पिसासारखी!"

आपण आजवर साधं बटणही लावलेलं नाही, हे तिला वाक्य संपल्यावर आठवलं. पण तोवर सरांनी निकाल देऊन टाकला होता. "शनिवारी सगळ्यांच्या सॅकची चाचणी आहे. वजन भरून मैदानाला फेऱ्या. तुझी एक शिवण उसवली किंवा एक पट्टा जरी तुटला, तरी रविवारी बस निघेल तेव्हा तू घरी. टिकली, तर तू कॅम्पला. कळलं?"

"कळलं सर!" ती म्हणाली. कळलं काहीच नव्हतं, पण आवाज असा खणखणीत निघाला की तिचं तिलाच कौतुक वाटलं.

घरी तिला सुरुवातबाई म्हणत. पुढच्या खोलीत अर्धा मफलर होता, सोफ्यामागे एकाच गाण्याचं पहिलं कडवं येणारी गिटार होती आणि भिंतीवर डोकं आणि मान इतकंच रंगवलेला घोडा होता. आई हॉस्पिटलात प्लास्टरच्या खोलीत कामाला होती. दिवसभर लोकांचे हातपाय बांधायची आणि बरे झालेले कापून मोकळे करायची. बाबांचं कुलपांचं दुकान होतं. किल्ली हरवलेलं अख्खं गाव त्यांच्याकडे यायचं.

"पूर्ण केलीस तर खुशाल जा," आई म्हणाली. हे काही पूर्ण होत नाही याची पक्की खात्री असलेल्या माणसाच्या मोकळेपणाने म्हणाली.

तेच लागलं तिला. मफलर, गिटार आणि घोडा या तिघांच्या साक्षीने सुरुवातबाईंनी शपथ घेतली, की ही सॅक शेवटच्या टाक्यापर्यंत जाणार आणि आपण डोंगराच्या शेवटच्या दगडापर्यंत.

पहिला धक्का बाबांना बसला. सकाळी ते दुकानात जायला निघाले, तर त्यांची मोटारसायकल अंगणात उघडीवाघडी उभी.

"हिचं कव्हर कुठंय?"

"बाबा, तुम्हाला कल्पना आहे का ते कापड किती भारी आहे? हलकं, चिवट, पाणी आत जात नाही! गाडीवर वाया जात होतं हो!"

दुसरा धक्का आईला. तिने ओला टॉवेल कपड्यांच्या स्टँडवर टाकला आणि स्टँड गुडघे टेकून खाली बसला. त्याच्या ॲल्युमिनियमच्या दोन लांब नळ्या आता सॅकची फ्रेम होत्या.

"अगं, निदान विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"मग?"

"मग मला नाही ऐकावं लागलं असतं ना!"

पाठीला टोचू नये म्हणून आईची व्यायामाची चटई गेली. पट्ट्यांसाठी जुन्या सूटकेसचे पट्टे गेले. त्या जाड पट्ट्यांतून शिवताना मशीनच्या सुया एकामागून एक शहीद झाल्या. शेवटची सुई मोडली तेव्हा शेवटचा टाका नुकताच पडला होता, आणि हा आपल्या आयुष्यातला पहिलाच शेवटचा टाका आहे, या विचाराने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कमरेच्या पट्ट्याला तिने माळ्यावरून एक दणकट बक्कल शोधून आणलं होतं. पट्टा चालताना सैल होऊ नये म्हणून तो मागेपुढे सरकायची जागा तिने तीनदा शिवून टाकली होती. छातीवरचा पट्टा तर सरळ खांद्यांच्या दोन्ही पट्ट्यांना शिवून मोकळी झाली होती. डोक्यावरून घातलं, की झालं!

शुक्रवारी संध्याकाळी ती आरशासमोर उभी राहिली. डोक्यावरून सॅक घातली, श्वास आत घेतला, कमरेचं बक्कल लावलं. खट्!

काय दिसत होती! खांद्यांच्या वर दोन नळ्या शिंगांसारख्या, पाठीवर चंदेरी कापड. तिने स्वतःला सलाम ठोकला आणि बक्कल काढायला हात खाली नेला.

बटण नव्हतं.

बटण होतं, पण बक्कल उलटं शिवलं गेलं होतं. बटण आत, पोटाला चिकटलेलं. पट्टा इतका घट्ट, की आत जेमतेम एक बोट जात होतं, आणि ते दाबूनही काही होत नव्हतं. सैल करायची जागा तिनेच तीनदा शिवलेली.

"बाबा," ती शक्य तितक्या सहज आवाजात म्हणाली, "जरा येता का?"

बाबा आले. पाहिलं. हसले. शर्टाच्या बाह्या वर केल्या. "एवढंच ना? बँकेची तिजोरी अडकली होती तेव्हा कुणाला बोलावलं होतं?"

"तुम्हाला, बाबा."

"मग!"

बाबांनी पातळ आकडा घातला, मग वाकडा आकडा, मग दोन्ही. कान पोटाला लावून ऐकलं. "हसू नकोस, पोट हलतंय." आतून टक असा आवाज यायचा आणि बक्कल जागच्या जागी. बाबांच्या चेहऱ्यावर हळूहळू असा काही धक्का पसरला, की तिजोरीवाल्यांनी पाहिला असता तर बँकेतले पैसे काढून घेतले असते.

"सरका," आई म्हणाली. तिच्या हातात प्लास्टर कापायची कात्री होती. "एका मिनिटात मोकळी करते."

"आई, नको! उद्या चाचणी आहे! पट्टा कापला तर मी घरी!"

"अगं, झोपणार कशी?"

"पालथी!"

आई कात्री घेऊन पुढे, ती मागे. जेवणाच्या टेबलाभोवती दोघींच्या फेऱ्या झाल्या. शेवटी नळ्या दिव्याला अडकल्या, दिवा खाली आला आणि आईने हात टेकले.

सकाळी ती पाठीवर सॅक घेऊनच शाळेत गेली. बसच्या दारातून आडवी शिरली. बाकावर कडेला, अवघडलेल्या कोंबडीसारखी बसली.

"काढ की," लांबडी म्हणाली.

"सवय करतेय."

"वर्गातसुद्धा?"

"तुला काय करायचंय गं?"

मैदानात शिट्टीसरांनी प्रत्येकाच्या सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरल्या. फेऱ्या सुरू झाल्या. आधी सगळे हसत होते. मग हसणं थांबलं. मग विकतच्या, झगझगीत, महागड्या सॅका एकेक करून गवतावर उतरायला लागल्या. कुणाचा खांदा दुखला, कुणाची कंबर. लांबडीच्या नव्याकोऱ्या सॅकचा पट्टाच टर्रकन निघाला आणि ती तोंड वासून त्याच्याकडे बघत बसली.

सुरुवातबाईंचे पाय भरून आले होते. जीव नुसता खाली बसायला मागत होता. तिनेही एव्हाना सॅक शंभर वेळा टाकली असती. सॅक टाकता आली असती तर! ती चालतच राहिली.

अखेर शिट्टी वाजली. मैदानात ती एकटीच उभी होती.

सर जवळ आले. सगळ्या शिवणी ओढून पाहिल्या. एकही टाका हलला नाही. "शाबास!" ते म्हणाले. "उतरव आता ती."

"नको सर."

"अगं, चाचणी संपली."

"असू दे सर. बरं वाटतंय."

शिट्टीसरांनी तिला सलाम ठोकला. शाळेत हे कुणी कधी पाहिलं नव्हतं. ते सगळ्यांकडे वळले. "बघा! याला म्हणतात जिद्द! उद्यापासून तुकडीची प्रमुख हीच!"

प्रमुख घरी आली ती पाण्याच्या बाटल्यांसकट, आणि भिंतीला टेकायचीही सोय नसल्यामुळे खोलीच्या मधोमध उभी राहिली.

"आई, मी पास झाले. बाबा, मी प्रमुख आहे. आता मला यातून काढा ना कुणीतरी," ती म्हणाली. "पण कापू नका. उद्या बस आहे. सुया संपल्यात, पट्टे संपलेत. कापलं तर सगळं अर्धंच राहील. नेहमीसारखं."

आईने कात्री खाली ठेवली.

बाबा जुन्या हत्यारांची पेटी आणायला माळ्यावर चढले आणि वरूनच ओरडले, "अगं, इकडे बघ! हिच्या लहानपणच्या खुर्चीचं बक्कल कुठं गेलं?"

आईने लेकीच्या पोटाकडे पाहिलं. मग वर पाहिलं. आणि मटकन खाली बसली.

"ते बक्कल? अगं, त्याच्यापायी तर ती खुर्ची माळ्यावर गेली! आम्हा दोघांना ते कधी धड उघडलं नाही, आणि तू दोन वर्षांची, खट्कन उघडून पळायचीस!"

"कशी?"

"कशी ते कुणाला दिसलं? 'उघड बाळा' म्हटलं की ढिम्म. आणि 'हात लावायचा नाही हं' म्हटलं, की..." आई थांबली. सावकाश उभी राहिली. कमरेवर हात ठेवले, आणि शेजारच्यांच्या खिडक्या उघडतील अशा आवाजात ओरडली, "खबरदार उघडलंस तर!"

खट्!

तिने सॅक डोक्यावरून उपसून काढली आणि ती बाटल्यांसकट धाडकन बाबांच्या पायावर पडली. ते नुकतेच शिडीवरून उतरले होते. पण कळवळायचंही त्यांना सुचलं नाही.

"काय केलंस?"

"माहीत नाही! हात आपोआप गेला!"

बाबांनी सॅक पुन्हा तिच्या डोक्यावरून घातली, बक्कल लावलं आणि गोड आवाजात म्हणाले, "आता उघड बघू, बाळा."

तिने दाबलं, ओढलं, पोट आत घेतलं. काही नाही.

"हात लावलास तर याद राख!" आई गरजली.

खट्!

बाबा पेटीवर बसले. इतक्या वर्षांच्या धंद्यात असं कुलूप त्यांनी पाहिलं नव्हतं.

मग सुरुवातबाईंनी सॅक उचलली, अर्ध्या घोड्याखालच्या खुंटीला अडकवली, कपाळावरचे केस मागे सारले आणि मैदानात निघाला होता तशाच खणखणीत आवाजात आईबाबांना सांगितलं,

"माझं ठरलंय. बक्कल बदलायचं नाही. उद्या मी कॅम्पला जाणार, अगदी वरच्या दगडापर्यंत. आणि रोज संध्याकाळी मी घरी फोन करीन. तेव्हा तुम्ही दोघांनी 'कशी आहेस, जेवलीस का' काही विचारायचं नाही. फोन उचलायचा आणि पहिल्यांदा जोरात ओरडायचं, 'खबरदार काढलीस तर!'"