आठचा भोंगा

१९९८ साली वर्ध्याजवळच्या एका कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत चार घड्याळं होती. एक ऑफिसात, एक फाटकावर, एक मालक मधुकररावांच्या मनगटावर आणि एक रूपराव मिस्त्रींच्या खिशात. रूपराव बावीस वर्षं भोंगा वाजवत होते. भोंगा वाजला की आठ वाजले, असं फॅक्टरी आणि शेजारचं गाव धरून चालायचं, आणि घराघरातली घड्याळं त्यावर लावली जायची. रूपराव मात्र आपलं घड्याळ रेडिओवर लावत.

दिवाळीनंतर मधुकररावांचा मुलगा अंकित नागपूरहून एक करारनामा घेऊन आला. त्यावर सही केल्यापासून रूपराव नोकर राहिले नाहीत, स्वतंत्र ठेकेदार झाले. आनंदाबाईंनी पेढे वाटले. नवरा ठेकेदार म्हणजे दारात जीप, असा त्यांचा समज होता. नंतर कळलं की फॅक्टरीमागची राहती खोली फक्त नोकरांसाठी असते आणि ती महिनाअखेर सोडायची आहे. तोवर पेढे वाटून झाले होते.

दुसऱ्या दिवशी अंकितने रूपरावांना ऑफिसात बोलावलं.

"काका, आता रोज आठले भोंगा नका वाजवू. ठरलेल्या टायमावर येणारा माणूस कायद्यात नोकर ठरते."

"मंग कितीले वाजवू, भाऊ?"

"ते मी नाई सांगू शकत. मी टाइम सांगितला, का तुम्ही पुन्हा नोकर."

रूपरावांनी विचार केला. "म्हणजे तुम्ही सांगाचं नाई, अन् मी ठरलेलं वाजवाचं नाई."

"बरोबर. शब्द द्या."

रूपरावांनी शब्द दिला.

पहिल्या दिवशी त्यांनी सव्वाआठला भोंगा वाजवला, दुसऱ्या दिवशी आठला दहा कमी असताना. लोक भांडायला येतील अशी त्यांची अपेक्षा होती. कोणीच आलं नाही. फाटकावरचा चौकीदार तानबा स्टुलावर चढून काटे सरकवत होता.

"काल हे पुढं पळालं, आज मागं राह्यलं. म्हातारं झालं हे घड्याळ, मिस्त्री."

"घड्याळ चांगलं आहे, तानबा. भोंगा चुकून राह्यला."

"भोंगा कसा चुकन?" तानबाने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता किल्ली दिली.

गावातही तसंच झालं. मास्तरांची एसटी चुकली, तेव्हा बस वेळेआधी येते अशी तक्रार डेपोत गेली. मधुकररावांची नागपूरची गाडी सुटली. त्यांनी रेल्वेला नावं ठेवली. गावातल्या अनुसयाबाईंच्या रेडिओवर बातम्या भलत्याच वेळी लागू लागल्या. त्या म्हणाल्या की रेडिओ दिल्लीचा टाइम सांगते, आपल्याले त्याचं काय.

महिना संपत आला, तसा रूपरावांनी वर्ध्याच्या कामगार कार्यालयात अर्ज दिला: मी नोकर आहे की ठेकेदार, ते ठरवून द्यावं. साहेब तपासणीला येणार असं कळलं, तेव्हा अंकित खूश झाला. भोंग्याला ठरलेली वेळ नाही, हे साहेब स्वतःच बघतील, असं त्याचं म्हणणं होतं.

त्या सकाळी आनंदाबाईंनी नवऱ्यापुढे चहा ठेवला.

"आज तरी आठले वाजवा. खोली वाचन."

"शब्द देल्ला आहे."

"मंग सामान बांधू का?"

रूपरावांनी चहा संपवला आणि खिशातलं घड्याळ पाहिलं. त्यांनी आठ चौदाला भोंगा वाजवला.

साहेबांची जीप तेव्हा रस्त्यावर होती. ती फाटकात येईपर्यंत तानबाने फाटकावरचं घड्याळ लावलं, कारकुनाने ऑफिसातलं, आणि मधुकररावांनी सवयीने मनगटावरचं.

"भोंगा किती वाजता होतो?" साहेबांनी विचारलं.

"आठले," तानबा म्हणाला.

"रोज?"

"बावीस वर्षं झाली, साहेब. एक दिवस चुकला नाई."

कामावर आलेल्या बायांनीही तेच सांगितलं. साहेबांनी तिन्ही घड्याळं पाहिली. ती एकमेकांशी जुळत होती.

"साहेब, तुमचं स्वतःचं घड्याळ बघा," अंकित काकुळतीला येऊन म्हणाला. साहेबांनी ते पाहिलं, झटकलं आणि कानाला लावलं.

"भाऊ खरं बोलून राह्यले, साहेब," रूपराव म्हणाले. "मी आज आठ चौदाले वाजवला. काल आठात दहा कमी होते."

साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मिस्त्री, मालकाच्या दबावाखाली खोटं बोलू नका."

त्यांनी तिथेच निकाल लिहिला: सदर इसम रोज ठरलेल्या वेळी कामावर हजर असतो, सबब तो फॅक्टरीचा कामगार आहे. आनंदाबाईंनी बांधलेली भांडी सोडायला घेतली.

जीपमध्ये बसण्याआधी साहेबांनी आपलं घड्याळ चौदा मिनिटं मागे घेतलं.