लाख वातींचा कारखाना

रविवारी दुपारी मी लेकीच्या, मितालीच्या, कॉम्प्युटरवर कारखाने उभारायचा गेम खेळायला बसलो, इथेच घोळ झाला. त्यात कामगार वाढवायचे, त्यांना कच्चा माल आणि अन्न पुरवत राहायचं, की कारखाना धडधडत चालतो. संध्याकाळपर्यंत माझे चार कारखाने झाले. (यवतमाळच्या ऑफिसात बावीस वर्षांत मला एवढं यश मिळालं नव्हतं.)

त्यातच पद्मजाचा, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचा, नवस रखडलेला. मिताली इंजिनिअरिंगच्या गणितात एकदाची सुटली म्हणून पद्मजानं देवाला लाख वाती बोलल्या होत्या. अधिक महिना संपताना उद्यापन, गुरुजींना सांगून झालेलं, आणि तीस हजार वाती बाकी.

"रोज सोळाशे केल्या तर होतात," ती म्हणाली.

"एकटी किती करशील? कामगार वाढवावे लागतात!" मी आठ दिवसांची रजा टाकली.

ढाणकीजवळच्या तांड्यावरचा फुलसिंग आमच्या ऑफिसात कामाला यायचा. त्याला फोन करून कापूस मागवला. त्या साली कापसाला कोणी विचारत नव्हतं, घरात पडूनच होता. दुसऱ्याच सकाळी त्यानं एसटीच्या टपावर दोन पोती आणली.

"साहेब, वाती करून राह्यले का गाद्या?"

"सप्लाय कमी पडायला नको, फुलसिंग."

"पन याच्यात सरकी हाय न! ते काढन कोन?"

(गेममध्ये सरकी नव्हती.)

सरकी काढायला शेजारच्या चार बायका बोलावल्या, वाती वळायला सहा. बैठकीत कारखाना सुरू झाला. कामगारांना चहा लागला. चहाबरोबर काहीतरी लागलं. सोमवारी सहा जणींचा उपवास निघाला, म्हणून साबुदाणा वेगळा आणि पोहे वेगळे. पद्मजा गॅसपुढून हलेना. मी थैली घेऊन दिवसातून तीनदा किराणा दुकानात पळत होतो आणि मनातून भलताच खूश होतो.

चौथ्या दिवशी मी भरलेला डबा तिच्यापुढे ठेवला. "अकरा हजार!"

"कोणी वळल्या?"

"कारखान्यानं."

"अहो, नवस माझा आहे. माझ्या हातच्या तेवढ्याच लाखात धरतात."

"मग आधी काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही बोलू देत होते कुठं? येऊन 'चहा टाक' म्हणून जात होते!" तिचे डोळे भरून आले. "चार दिवसांत एक वात नाही वळली मी. आता उद्यापनाचं काय करू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मिताली दारातून म्हणाली, "बाबा, कारखान्यात कामाचा माणूस एकच होता, आणि त्याले तुम्ही कँटीनमध्ये टाकलं!"

दहाही बायका हसल्या, पोह्यांची तारीफ करत घरी गेल्या. अकरा हजार वाती मंदिरांतून वाटल्या. दुसऱ्या दिवशी रजा रद्द करून मी ऑफिस गाठलं. (साहेबांना फारसा आनंद झाला नाही.)

पद्मजा एकटीच बसली. रोज दोन हजार. उद्यापनाच्या आदल्या संध्याकाळी लाखावी वात वळून झाली तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे पाहून मलाच हुंदका आला.

पूजा आटोपल्यावर गुरुजी माझ्याकडे बघत म्हणाले, "वहिनी, एवढं मोठं काम झालं. कमलाकररावांची मदत झाली असेल?"

"हो तर!" पद्मजा अगदी मनापासून म्हणाली. "फार मदत झाली. शेवटचे पंधरा दिवस एकही खाडा न करता ऑफिसात गेले!"